मोबाईलातली म्हस

...आता ह्या बी म्हशीत खोट काढली म्या. शिंग वाकडं हाय म्हणलं. मागल्या बाजारात एकीची नजर बरी न्हाय म्हणलं, त्याच्या आधीच्या बाजारात एक चारी बाजूंनी निर्दोष निघाली, तर म्हणलं हिचा मालक लई गोड बोलतोय, नगं. आन आमच्या कारभारीण मथुराबाई म्हणत्यात, "म्हस घ्यायलात का सून बघायलात?" आता तिला कुठल्या तोंडानं सांगू, की बाई गं, जुनी म्हस विकलेले पैशे बँकेत न्हाइत, माझ्या मोबाईलात हाइत, आन मोबाईलात बी हाइत का न्हाय ते रोज सकाळी बघावं लागतंय... तुम्हाला सांगतो, माणसाला काय तरी खात्रीचं पायजे.

आमच्या सास्तूर गावात विरेशचं मोबाईलचं दुकान हाय. तो म्हणला, "काका, बँकेत पैसा झोपतो. हितं पळतो." कुणीकडं पळतो ते सांगितलं न्हाय, आन म्या बी इचारलं न्हाय. घेतलं क्रिप्टोचं नाणं. नाणं म्हंजे हातात येत न्हाय, वाजत न्हाय, दातानं चावून बघता येत न्हाय. म्या म्हणलं, विरेश, हे वाढतंय कशावर? तर म्हणला, लोकांना वाढंल वाटलं की वाढतंय. आन पडतंय कशानं? लोकांना पडंल वाटलं की. म्हणलं बरंय बाबा, खतपाणी वाचलं.

आता ते आकडे मला उमजंनात, म्हणून म्या म्हशीत मोजाया लागलो. घेतलं तवा एक म्हस. थोड्या दिसात म्हस आन मागं रेडकू. मग दोन म्हशी, त्यातली एक गाभण. पारावर बसून मोबाईल बघत म्या मनातल्या मनात धारा काढायचो, हाताला गोळे यायचे, चार्जिंगला लावला की मोबाईलातनं रवंथ केल्याचा आवाज यायचा, खोटं वाटत असंल तर विरेशला इचारा. विकावं का? पर तिसरी दाराशी येऊन हुबी ऱ्हायल्यावर दार कोण लावून घेतंय? मग एका सकाळी उठून बघतो तर गाभण म्हस गायब. दुपारी रेडकू गेलं. दिवस मावळायला जी ऱ्हायली तिला तीनच पाय.

आन माझी गंमत बघा. चढलं तवा विकवंना, कारण अजून चढंल. पडलं तवा बी विकवंना, कारण विकलं की पडल्यालं खरं व्हतंय, तवर नुसतं दिसतंय. इचारावं तर कुणाला? मोबाईलात एक गडी टाय बांधून सांगायलाय, "उद्या आभाळाला भिडणार." दुसरा तसलाच टाय बांधून सांगायलाय, "उद्या मातीत जाणार." दोघं बी इतकं ठासून, की मला दोघांचं बी पटायचं. अहो, माणसाला काय तरी खात्रीचं पायजे का न्हाय?

तवा मला सोमलिंग आठवला. सोमलिंग म्हंजे आमच्या गल्लीतला पिठाच्या गिरणीवाला, देवमाणूस, पर आयुष्यात त्याचा एक अंदाज बरोबर आल्याला न्हाय. त्यानं कांदा लावला की गाव कांदा लावत न्हाय. तो छत्री घिऊन निघाला की बाया पापड वाळत घालत्यात. निवडणुकीत उमेदवार त्याला हात जोडत्यात, "सोमलिंगअण्णा, तेवढं आमच्या नावानं नारळ फोडू नका." म्हणलं, ह्याच्याइतकं खात्रीचं दुसरं काय असणार? ह्यो सांगंल त्याच्या उलटं करायचं, झालं.

गेलो गिरणीत. सगळं सांगितलं. त्यानं गिरणी बंद केली, भुवईवरचं पीठ पुसलं, लई वेळ माझ्या तोंडाकडं बघितलं आन म्हणला, "अण्णा, विकून टाका. आजच."

मला असा आनंद झाला म्हणून सांगू. सोमलिंग विका म्हणतोय, म्हंजे वाढणार. ठेवलं तसंच. त्याच आठवड्यात असं कोसळलं, असं कोसळलं, की म्हस जाऊन शेळी ऱ्हायली. ती बी म्हातारी.

गेलो तणतणत. म्हणलं, "सोमलिंगा, तू बरोबर निघालासच कसा? गावानं आता इश्वास कुणावर ठेवायचा?"

तर तो शांतपणे पोत्यावर बसला. म्हणला, "अण्णा, गाव मला कशासाठी इचारतंय ते मला ठाव हाय. मी बोललो की तुमी उलटं करता. मला कधी राग आला न्हाय. पर त्या दिशी तुमचं तोंड बघवंना. मनात म्हणलं, ह्या माणसाचं तरी नुकसान व्हऊ नये. मला खरं तर वाटत व्हतं की वाढंल. म्हणून तुमच्यासाठी पयल्यांदाच मनातल्याच्या उलटं सांगितलं, म्हंजे तुमी ठिवाल."

म्हंजे बघा, माणूस आतनं चुकीचाच व्हता, एकदम इमानदारीनं चुकीचा, आन माझ्यावर दया करून नेमका बरोबर बोलला. म्या कपाळाला हात लावला. म्हणलं, "बरं, आता काय वाटतंय? मनातलं सांग."

"आता वाढंल बघा."

म्हंजे पडणार. विकाया मोबाईल काढला, बोट बटनावर नेलं... आन वाटलं, परत दया केली असंल तर? तुम्हीच सांगा, माणसाला काय तरी खात्रीचं पायजे. आठ दिस झालं, शेळी तशीच हाय, ना विकवत, ना बघवत.

शेवटी काल मथुराबाई दळण घिऊन गिरणीत गेली. बाजारात मी दर म्हशीत खोट काढतोय ह्यात काय तरी काळंबेरं हाय हे तिला कळलंच व्हतं. तिनं सोमलिंगला सरळ इचारलं, "भाऊ, आमचं मालक दिवाळीपतूर म्हस आणतील का?"

तो म्हणला, "वैनी, नक्की आणतील. मला मनापासनं वाटतंय."

ती तिथनं तशीच पीठ घिऊन मागल्या दारी त्याच्या बायकोकडं, घरोघर दूध घालणाऱ्या शांताक्काकडं गेली आन वर्षभराचा दुधाचा रतीब लावून आली. घरी येऊन मला म्हणली, "अर्धा लिटर सांगितलंय."

म्या म्हणलं, अर्ध्यानं काय व्हतंय, एक सांग.