पिवळ्या डगल्यांची फौज

हॅलो? … हो, मीच. बोल… अगं हळू! कान फुटेल माझा.

… कोणी सांगितलं तुला? … दादानं? त्याच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! … हो, रंगवली. तुझ्या बाबांच्या टेबलावरच्या लढाईच्या खेळातली अख्खी फौज वहिनीनं नव्यानं रंगवली. अंगठ्याएवढे ते शिपाई, एकूण एक. … पिवळे डगले, काळ्या विजारी. … बँडवाले? बरं, दिसू देत बँडवाले! आधी ऐकून तर घे.

… हो, हो… ठाऊक आहे मला. हिरवा-तपकिरी रंग बाबांनीच निवडला होता. 'रानात उठून दिसला तो शिपाई मेला,' म्हणायचे. पण आता ते त्यांना टेबलावरसुद्धा दिसेनात, त्याचं काय? हिरव्या टेबलावर हिरवे शिपाई! … मोतीबिंदू नाही गं, डोळ्याची नसच सुकत चाललीय. डॉक्टर म्हणाले, गेलं ते गेलं, आहे ते सांभाळा.

… तुला कुठं सांगितलं होतं! शेवटच्या डावात बाबांनी समोर खेळणाऱ्या मास्तरांचेच घोडेस्वार आपले समजून पुढे सरकवले. आणि मास्तर गप्प बसले. दया आली म्हणून. … हं. तेच लागलं बाबांना. मास्तर हसले असते, चिडले असते, तर चाललं असतं. दुसऱ्या दिवशी फौजेच्या कपाटाला कुलूप. डावाचा रविवार आला की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

… छे, मला कुठलं सुचतंय! मी आपली 'रेडिओ लावू का' म्हणत बसले. तुझ्या वहिनीच्या लक्षात आलं. तपकिरी कप चाचपडतात, पिवळा बरोबर उचलतात. … अगं ऐक ना! मग तिनं काय करावं? रंगीबेरंगी चिंध्या आणल्या. टेबलावर पसरायची आणि लांबून विचारायची, 'बाबा, खिडकीला कुठलं कापड बरं दिसेल?' हे आपले बसलेत खिडकी सजवत! पिवळ्याला काळं जोडलं की झटकन बोट दाखवायचे. म्हणून त्या काळ्या विजारी. केकवर नक्षी काढणारी पोर, हात स्थिर असणारच… पण डोकं बघ! मी तर चाटच पडले.

… न विचारता कशी करेल? बाबांनीच कुलूप काढून दिलं. म्हणाले, 'कर तुला काय करायचं ते. मला कुठं दिसणारेत.' … हो ना… मलाही भरून आलं.

… तुझा कुठला? तो नगारेवाला? … आहे गं, आहे. तू लहानपणी रंगवलेले लाल गाल तसेच आहेत. एकाही चेहऱ्याला हात लावला नाही तिनं. 'डोळे बाबांनी काढलेत, त्यावर मी कसा ब्रश फिरवू?' म्हणाली.

… अगं, आत्ताच तर चाललाय डाव! मास्तर आलेत. … वहिनी? आत, ओट्याला टेकून उभी आहे. बाहेर यायची छाती होत नाही तिची. म्हणे, नाहीच दिसले तर? … थांब. थांब जरा… बाबा ओरडतायत.

… अगं, म्हणतायत, 'टेप लावून मोजा मास्तर! दोन बोटं जास्त सरकलात!' … हो, खुर्चीतूनच! … मास्तर? ते ऐकतात होय! 'आधी डोळे तपासून या' म्हणाले… तोंडावर! … आणि हे म्हणतायत, 'माझे तिघं उभे आहेत तुमच्या वाटेत, पिवळे, आंधळ्यालाही दिसतील!' … अगं भांडतायत गं! चांगली जुंपलीय दोघांची! ह्या माणसाशी कोणी भांडतच नव्हतं गं इतके दिवस. सगळे नुसते जपत होतो… मीसुद्धा.

… रडतेस काय, वेडाबाई? … वहिनीला देऊ? नको, माझ्या फोनवर नको. तिला तू आपणहून फोन कर. आणि हे बघ, रंगावरून तिच्यावर चिडली होतीस ना, मग आधी तू बोल. … हो. ठेवते.