नागपूर लांब पडतं

नारायण पेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझा नंबर यायला अवकाश होता. शेजारच्या बाकावर एक काका, काकू आणि त्यांची मुलगी अपेक्षा बसली होती.

"ऑकलंड बारा हजार किलोमीटर आहे, अपेक्षा."

"माहितीये बाबा. नोकरी मला लागलीये."

"मध्ये विमान बदलायचं. सगळं मिळून वीस तास. उद्या आम्हाला काही झालं, तर तू पोचणार कधी?"

"दुसऱ्या दिवशी."

"किती सहज म्हणते बघ! अगं, तू तरी बोल."

"औषध घातलंय. मला डोळे मिटून बसायला सांगितलंय."

"डोळे मिटायला सांगितलंय, तोंड नाही."

"बरं, बोलते. नागपूरला विमानाने किती वेळ लागतो हो?"

"नागपूर कुठून आलं मध्येच? दीड तास."

"माझी आई असते तिथे. दोन दिवाळ्या झाल्या, बोलावतेय. तुम्ही दर वेळी म्हणता, फार लांब पडतं."

"अगं, विमानतळावर आधी जाऊन बसावं लागतं, शिवाय तिथून घर..."

"अपेक्षा, शनिवारचं तिकीट काढ. माझ्या एकटीचं."

"परतीचं कधीचं, आई?"

"ते बघू नंतर."

अपेक्षाने फोन काढला. काका तिच्या फोनमध्ये डोकावले.

"दोन काढ."

"अहो, खरंच येताय?"

"म्हटलं ना, दोन काढ."

"मग आईला आजच फोन करते. तुम्ही अचानक दारात दिसलात, तर तिला वाटेल मीच गेले."