सासूबाईंच्या दोन्ही मनगटांबाबत

जबाब देणार: सगळीकडे 'माईकवाले' या नावाने ओळखतात. वय ५३ वर्षे. धंदा: लग्नं, शाळांची संमेलनं, दुकानांची उद्घाटनं अशा ठिकाणी निवेदन करणे. राहणार: बेकरीच्या वर, दुसरा मजला, लिफ्ट नाही.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर बायकोसह राहतो. माझ्या बायकोची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७६, या शाळेत खेळाच्या बाई होत्या. त्यांचा आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत विनामाईक पोहोचतो. माझा धंदाच बोलण्याचा, पण मला ते अजून साधलेलं नाही.

मागच्या वर्षी सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलं व ऑपरेशन झालं. आमचे दोन जिने चढणं त्यांना जमणार नव्हतं. मी त्यांना उचलून नेण्याची तयारी दाखवली. त्या म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही माईक उचलता तेवढं पुरे." त्यांनी स्वतःच चौकशी करून, आमच्या घरापासून स्कूटरने जवळ पडेल असं एक शुश्रूषागृह निवडलं. तिथे त्या दोन खाटांच्या खोलीत राहत होत्या.

दुसऱ्या खाटेवर सत्तरीच्या एक बाई होत्या. अंगाने लहानखुऱ्या. अर्धांगवायूच्या झटक्यात त्यांची वाचा गेली आहे आणि उजवी बाजू हलत नाही. सगळं समजतं, मानेने हो-नाही करतात. सासूबाई त्यांना 'चिमणी' म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. चिमणीबाईंचा एक भाचा आहे, तो परदेशात असतो.

शुश्रूषागृहाच्या मॅनेजरने पूर्वी दोन वेळा आमच्याकडे तक्रार केली होती की, तुमच्या आई रात्री विनाकारण बेल वाजवतात, स्टाफ वैतागतो. आम्ही दोघांनी दिलगिरी व्यक्त केली होती. सासूबाईंच्या स्वभावाबाबत मॅनेजरसमोर मी एक विनोदही केला होता. तो इथे सांगत नाही.

गेल्या रविवारी मी एकटाच भेटायला गेलो. उकाडा मरणाचा होता, पंखा पूर्ण वेगात होता आणि सासूबाई पूर्ण बाह्यांचा लोकरी स्वेटर घालून बसल्या होत्या. मी विचारलं, "हे काय?" त्या म्हणाल्या, "थंडी वाजते." पाण्याचा ग्लास घेताना त्यांची बाही वर सरकली. मनगटाभोवती निळसर-लाल वळ होता. दुसऱ्या मनगटावरही होता.

"झोपेत हात आपटला," त्या म्हणाल्या.

"दोन्ही?"

"दोन्ही. तुम्ही जावई आहात की इन्स्पेक्टर?"

मी सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो आणि तोंडाचा पट्टा सोडला. आज विचार करता, ते भाषण चांगलं झालं होतं. परिणाम शून्य. मॅनेजरने मला खुर्ची दिली, गार पाणी दिलं आणि म्हणाला, "वय झालं की कातडी नाजूक होते, साहेब." मग एक कागद पुढे सरकवून म्हणाला, आपलं समाधान झालं आहे एवढंच लिहिलंय, सही करा. माझा चष्मा घरी राहिला होता. अक्षर दिसेना म्हणून मी सही केली नाही. यात माझा कसलाही शहाणपणा नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने फोन उचलला आणि मशीनमध्ये हात सापडलेल्या आमच्या शेजाऱ्यांची केस ज्यांनी चालवली होती, त्या वकीलबाईंची सोमवार सकाळची वेळ घेतली. दरम्यान मी नातेवाइकांच्या ग्रुपवर एक संतप्त ध्वनिमुद्रण टाकलं होतं.

वकीलबाईंचं ऑफिस टायरच्या दुकानावर आहे. खाली हवा भरण्याचा आवाज चालू असतो. मी बसताबसताच म्हणालो, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात." त्या म्हणाल्या, "म्हणूनच आधी माझा जिना चढावा. बोला."

मी बोलू लागलो. "त्या निर्दय, पाषाणहृदयी, काळ्याकुट्ट" इथवर आलो, तेव्हा त्यांनी तळहात वर केला.

"माईकवाले, विशेषणं काढा. उरेल तेवढं सांगा."

विशेषणं काढल्यावर फारच थोडं उरलं. स्वेटर होता. दोन्ही मनगटांवर वळ होते. मॅनेजरने कागदावर सही मागितली. मला ओशाळल्यासारखं झालं. वकीलबाई मात्र खूश दिसल्या. "हे चालेल," त्या म्हणाल्या. "हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय, उलटतपासणीत हलणार नाही. पाषाणहृदयी कोण ते न्यायाधीश ठरवतील. सही केलीत?"

"चष्मा विसरलो होतो."

"त्या चष्म्याचे आभार माना. तिथल्या कुठल्याही कागदावर मला दाखवल्याशिवाय सही करायची नाही."

मग त्यांनी कामं लावून दिली. सासूबाईंना आजच्या आज बाहेरच्या डॉक्टरांना दाखवायचं. वळांचे फोटो काढायचे, त्यात चेहराही आला पाहिजे, नाहीतर उद्या म्हणतील मनगट कोणाचं कोण जाणे. स्टाफशी भांडायचं नाही. ग्रुपवरचं ध्वनिमुद्रण आता पुसायचं नाही, कारण पुसलं तर लपवल्यासारखं दिसतं. पण यापुढे एक अक्षर टाकायचं नाही. मी विचारलं, "हळहळ व्यक्त केली तर?" त्या म्हणाल्या, "घरात करा." फीचं काय ते बायकोने तिथेच स्पष्ट विचारून घेतलं. मला संकोच वाटत होता. वकीलबाई म्हणाल्या, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारणारे अशील त्यांना आवडतात.

शेवटी त्यांनी विचारलं, "आजींना काय हवंय?"

आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं.

"अशील त्या आहेत," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्ही त्यांना माझ्यापर्यंत आणणारे. आणि एक लक्षात ठेवा, वाईट बातमी मला आधी सांगायची. ती समोरच्या वकिलाकडून कळली तर मी तोंडावर आपटते."

सोमवारी दुपारी सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. वळ पट्टीने बांधल्यामुळे उठलेले दिसतात, असं डॉक्टरांनी नोंदवलं. आम्ही म्हणालो, आता परत जायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, "मला परत सोडा." बायकोने समजावलं, मी समजावलं, पालथ्या घड्यावर पाणी. वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "त्या नाही म्हणतात त्याला काहीतरी कारण असेल. जबरदस्ती करू नका. पण त्यांना एकटं सोडू नका." म्हणून त्या रात्रीपासून बायको त्यांच्या खाटेशेजारी खुर्ची टाकून राहिली.

मंगळवारी वकीलबाई स्वतः शुश्रूषागृहात आल्या व सासूबाईंना घेऊन आवारातल्या बाकावर बसल्या. मला त्यांनी लांब बसायला सांगितलं. मी लांब बसलो. सासूबाईंच्या आवाजाबाबत वर सांगितलेलंच आहे. पुढचं सगळं मी स्वतः ऐकलं आहे.

सासूबाई म्हणाल्या, "आधीच सांगते. मी तिला चावले."

"कोणाला?"

"रात्रपाळीच्या अटेंडंटला. दंडाला. दात माझे स्वतःचे आहेत, कवळी नाही."

मी उठून उभा राहिलो. वकीलबाईंनी मान न वळवता मला हाताने बसवलं.

"बांधायच्या आधी चावलात की नंतर?"

"बांधताना."

"बरं झालं सांगितलंत. हे आपणच आधी सांगायचं. बांधलं कशासाठी?"

"बेल वाजवते म्हणून."

"रात्री तुम्हाला काय लागायचं?"

"मला? मला काय लागणार?" सासूबाई म्हणाल्या. "चिमणी ओली पडलेली असायची. तिची बेल तिच्या उजव्या हाताला. तो हात हलतो का? मी तिच्यासाठी वाजवायची. ती रात्रपाळीची मुलगी येऊन विचारायची, आजी काय पाहिजे? मी म्हणायची, मला काही नको, तिला बघ. मग माझी बेल काढून नेली. मग मी ग्लास वाजवू लागले. मग बांधलं."

"घरी का नाही सांगितलंत?"

"मॅनेजर म्हणाला, बोललात तर चिमणीला वरच्या मजल्यावर हलवू. वर तिच्यासाठी कोण ग्लास वाजवणार?"



(या ठिकाणी जबाब देणाऱ्याने पाणी मागितले. दिले.)

मग वकीलबाई खोलीत गेल्या. चिमणीबाईंना त्यांनी मानेने उत्तर देता येईल असेच प्रश्न विचारले, आणि तेही उलटसुलट करून, नुसतीच होला हो होत नाही ना हे पाहायला. वकीलबाईंनी भाच्याचा नंबर मिळवून त्याला व्हिडिओवर मावशी दाखवली. भाच्याला शुश्रूषागृहातून दर आठवड्याला 'एकदम मजेत आहेत' असा निरोप जात होता. त्याने मावशीची पाठ दाखवायला सांगितली. बायकोने हळूच कूस बदलून दाखवली. पाठीवर जखमा होत्या. त्यांचं वर्णन डॉक्टरांनी केलेलं आहे, मी करत नाही.

बुधवारी सकाळी मॅनेजरचा वकीलबाईंना फोन आला. गच्चीला लागून असलेली स्वतंत्र खोली, झाडं दिसतात, शुल्क माफ, त्या अटेंडंटला कामावरून काढतो. आजींनी तक्रार करू नये. माझं मत विचाराल तर खोली चांगली होती. मी वकीलबाईंना म्हणालो, "नाही म्हणून सांगून टाका, किंवा हो तरी म्हणा." त्या म्हणाल्या, "दोन्ही मी ठरवायचं नसतं. जसा निरोप आला तसा आजींपर्यंत पोहोचवायचा, त्याचे फायदे-तोटे सांगायचे आणि गप्प बसायचं."

त्यांनी सासूबाईंना सगळं सांगितलं. केस लांबू शकते, समोरचे तुम्हाला भांडकुदळ ठरवतील, चावल्याचं शंभर वेळा विचारतील, हेही सांगितलं.

सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला. "त्या खोलीत खाटा किती?"

"एक."

"मग नको."

त्याच दिवशी संध्याकाळी, डॉक्टरांची शिफारस आणि भाच्याची संमती घेऊन, दोघींनाही एकाच रुग्णवाहिकेतून इस्पितळात हलवलं. बायको आत बसली, मी मागून स्कूटरवर होतो. सिग्नलला रुग्णवाहिका थांबली तेव्हा मागच्या काचेतून सासूबाईंचा आवाज येत होता. त्या ड्रायव्हरला गिअर कसा टाकावा ते सांगत होत्या. दोघी आता एका वॉर्डात शेजारी शेजारी आहेत.

आज सकाळी रात्रपाळीची ती अटेंडंट आपणहून इस्पितळात आली. वय पंचविशीच्या आत असेल. वकीलबाई तिथेच होत्या. आम्ही तिला काही विचारायचं नाही, असं त्यांनी बजावलं. तिला त्या म्हणाल्या, "मी या आजींची वकील आहे, तुझी नाही. तुला स्वतःचा सल्ला घ्यायचा हक्क आहे. हे ऐकूनही बोलायचं असेल तर पोलीस ठाण्यात बोल." ती म्हणाली, बोलायचंय. अख्ख्या मजल्यावर रात्री ती एकटीच असते, आणि पट्टी मॅनेजरने हातात दिली, एवढं ती तिथेच बोलून गेली. मी तिला खूप काही ऐकवायचं ठरवून ठेवलं होतं. ते राहून गेलं.

सासूबाईंनी तिला जवळ बोलावलं आणि बाही वर करायला लावली.

"औषध लावलंस का?"

तिने मान हलवली. नाही.

"मग इतके दिवस काय करत होतीस? माणसाचा दात वाईट. सिस्टर, हिच्याकडे आधी बघा."

सिस्टरने तिच्या दंडाला पट्टी केली. ती मुलगी रडत होती. सासूबाई तिला पाठ ताठ ठेवून बसायला सांगत होत्या.

तरी माझी तक्रार शुश्रूषागृहाच्या मॅनेजरविरुद्ध व तिथे एका मजल्याला एकच माणूस नेमणाऱ्या मालकाविरुद्ध आहे. ती सासूबाईंच्या वतीने आहे, आणि चिमणीबाईंच्याही वतीने, कारण अशी खबर कोणीही देऊ शकतो असं मला सांगण्यात आलं आहे. चिमणीबाईंशी माझं नातं काय, असं आपण विचारलंत. मला नीट सांगता येत नाही. 'सासूबाईंच्या शेजारच्या' असं लिहावं. सदर अटेंडंट बाहेरच्या बाकावर बसली आहे, तिचाही जबाब घ्यावा, आणि घेताना तिला खुर्ची द्यावी, असा सासूबाईंचा निरोप आहे.

वरचं सगळं मला सावकाश वाचून दाखवलं. वर तिच्यासाठी कोण ग्लास वाजवणार, या ठिकाणी मी हात वर करून थांबायला सांगितलं. चूक सापडली का, असं आपण विचारलंत. नाही म्हणालो, आणि थोड्या वेळाने पुढे वाचायला सांगितलं. कुठेही काही बदलायचं नाही. मी बोललो तसंच उतरलं आहे आणि ते खरं आहे. आज चष्मा आणला आहे. सही करतो.