वर्गातले डावे हात

माझं माहेर पारोळ्याकडचं, वडील मार्केटात पोती उचलायचे, आई कापूस वेचायला जायची, आणि मी डी.एड. होऊन एरंडोलजवळच्या शाळेत लागले ती आजपावेतो चौथीलाच, म्हणजे बघा, ज्यांना शिकवलं त्यांची पोरं आता समोर बसतात. चार-पाच वर्षं झाली असतील, अध्यापक विद्यालयाच्या प्राचार्य मॅडम आल्या, म्हणे बाई, होऊ घातलेल्या शिक्षकांना पुस्तकातलं आम्ही सांगतो, वर्गातलं तुम्ही सांगा, शनिवारी तुमची सकाळची शाळा सुटली की या. आईला सांगितलं तर ती म्हणे, आते मास्तरेस्ले शिकाडाले जास का तू? मास्तरांनाच शिकवणार म्हणून हसत सुटली, पण बठ्ठ्या गल्लीत सांगून आली.

काय सांगू तुम्हाला भाऊ, त्या मानाची मला गोडीच लागली. मग मॅडम म्हणाल्या, एकदा विद्यालयातल्या आमच्या मुलांना तुमचा पाठ बघू द्या. पंधरा जण वह्या घेऊन वर्गात मागे बसले. मी फळ्यावर भागाकार मांडला, विचारलं कोणाला येतं, आणि बठ्ठे हात वर, एकही खाली नाही. मॅडमनी मान डोलावली, मुलांनी भराभर लिहून घेतलं. मला मात्र दिसलं, बहुतेक हात डावे होते.

आता लाज वाटते, पण सांगते. साहेब तपासणीला यायचे तेव्हासाठी मीच वर्गाला शिकवून ठेवलं होतं, येत असेल तर उजवा हात, नसेल येत तर डावा, पण हात प्रत्येकाचा वर पाहिजे. मी उजव्यालाच उठवायची, साहेब खूश. पोरांना बिचाऱ्यांना वाटलं, पाहुणे आले म्हणजे तपासणीच.

गप्प राहिले असते तर कोणाला कळलं नसतं. सांगितलं तर मॅडम पुन्हा बोलावणार नाहीत, इकडे आईनं गल्लीभर केलेलं. पण हीच मुलं उद्या माझं बघून शिकवणार, त्याचं काय? खडू खाली ठेवला. शेवटी मागे बसलेल्यांना सांगून टाकलं, ते लिहिलेलं खोडा, डावा हात करायला मीच शिकवलंय, ह्यांतल्या बहुतेकांना भागाकार येत नाही.

मी पोरांना म्हटलं, आता येत असेल त्यानंच हात करा, तर तीनच हात राहिले. शिरपूरकडची एक मुलगी होती त्या पंधरात, ती म्हणे, बाई, मग बाकीच्यांचं काय करायचं? मी म्हटलं, बैस, तेच बघू, आणि काड्यांच्या जुड्या काढून पोरांमध्ये खालीच बसले. घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. जाताना मॅडम एवढंच म्हणाल्या, शनिवारी वेळेवर या.

ती मुलगी आता सातपुड्याच्या पायथ्याला शिकवते. परवा तिचा फोन आला, रडवेली झाली होती, म्हणे बाई, साहेब आले होते, एकच हात वर झाला, फार बोलले मला. मलाच वाईट वाटलं, माझं ऐकून पोरीला बोलणी बसली. मग विचारलं, ज्यांना आलं नाही ते कोण कोण गं? तर तिनं एकेकाचं नाव सांगितलं, कोण कुठे अडतं तेही सांगितलं, माझा चहा निवला तरी तिचं सांगणं चालूच. म्हटलं, पोरी, तुला शिकवता येतंय. या शनिवारी ये, विद्यालयातला माझा तास तू घे, मी मागे बसते. सुखी राहा.