झग्याचा कापलेला काठ

‘चांगलं तेवढंच लिही, दोन मिनिटांत आटप,’ असा निरोप मला कोणी धाडला, ते आधी कळू द्या. समारंभ साहेबांच्या निवृत्तीचा, आणि कुलूप माझ्या तोंडाला? नऊ वर्षं हेच चाललंय.

असो. सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आमचे पाळकसाहेब, वडीलधारी मंडळी आणि पहिल्या बाकावर बसलेली माझी आई, सर्वांना इथून, वेल्डिंगच्या शेडमधून, नमस्कार. मी सातवीपर्यंतचा माणूस. लिहिलंय मी, वाचतोय मामा. मामा, मधलं काही गाळलंस तर आई मला सांगेलच.

नेमलेल्या पुढाऱ्याचं ऐकावं, कारण नेमणारा देव असतो, हे मला साहेबांनी शिकवलं. कोरहाने देवाने नेमलेल्या मोशेविरुद्ध तोंड उघडलं आणि भुईने त्याला गिळलं, ही बायबलातली गोष्ट ते अशी सांगायचे की आम्ही पोरं पाय बाकावर घेऊन बसायचो. तेव्हा मी ऐकलं. कसं ऐकलं, तेही ऐका.

माझे वडील तुमच्या चर्चची घंटा वाजवत, बाकं पुसत, किल्ल्या सांभाळत. ते गेले तेव्हा मी सोळाचा. सगळे म्हणत होते, “किल्ल्या आता पोराकडे.” आठव्या दिवशी साहेब घरी आले, आईच्या शिलाई मशीनजवळ बसले आणि म्हणाले, “ताई, प्रभूने मला दाखवलंय. याला लांब कामाला पाठवा.”

आई म्हणाली, “तुम्ही म्हणाल तसं, साहेब.”

मी गेलो. पुढच्या रविवारी घंटा कोणी वाजवली? साहेबांच्या मेहुण्यांनी. आता सांगा मंडळी, मनात पाल चुकचुकणार नाही का?

निघण्याच्या आदल्या दिवशी साहेबांचा उपासनेत घालायचा झगा आईकडे आला होता, उसवलेली बाही शिवायला. शौल राजा दाविदाच्या जिवावर उठला होता, तरी गुहेत तावडीत सापडल्यावर दाविदाने त्याला मारलं नाही, झग्याचा काठ तेवढा कापून घेतला. हेही साहेबांनीच शिकवलेलं. मी आईची कात्री उचलली. दोन बोटांएवढा काळा तुकडा. आईने पाहिलं, रडली, आणि तसाच झगा घेऊन स्वतः साहेबांकडे गेली.

साहेब काय म्हणाले? “राहू दे.”

दर वर्षी आई विचारते, “साहेब, ठिगळ लावू का?” दर वर्षी तेच, “राहू दे, ताई.” तुम्ही सगळे ‘उंदराने खाल्ला’ म्हणून हसत आलात. उंदीर मी! पण हा साहेबांचा मोठेपणा, की त्यांनाही काही खुपतंय? या विचारात मी एकदा बोट भाजून घेतलं.

काठ कापल्यावर दाविदाचं मन त्याला टोचत राहिलं. मलाही टोचतं. पण साहेब, पुढची गोष्ट तुम्ही नेहमी घाईत उरकायचात. दावीद गुहेबाहेर आला, शौलाला वाकून नमस्कार केला आणि मोठ्याने विचारलं, लोकांचं ऐकून तुम्ही माझ्या मागे का लागलात? म्हणजे ऐकणाऱ्याला विचारताही येतं.

मग मीही लांबून, वाकून विचारतो. त्या आठव्या दिवशी तुम्हाला देवाने सांगितलं, की घरातल्या कोणी? माझ्यासाठी नाही विचारत. आई अजून फोनवर म्हणते, “मी तुला गाडीत बसवलं, ते देवाचंच ऐकलं ना रे?” मी काय सांगू तिला? उद्या तुम्ही या खुर्चीवर नसाल. आज, या माणसांसमोर, तिला सांगा. “माझं चुकलं” म्हणालात तरी चालेल.

तुकडा या पत्राच्याच पाकिटात घातलाय. उत्तर मिळालं तर आईने तो जागच्या जागी शिवावा. मामा, खोकू नकोस, दे तिच्या हातात.

वडिलांच्या आजारपणात साहेब तीन दिवस उशाशी बसून होते, ते मी विसरलेलो नाही. त्याचे आभार मनापासून. शब्द वाकडा गेला असेल तर माझ्या अर्धवट शाळेला बोल लावा, आईला नको.

आणि आई, या वेळी कोणी बोलावलं नाही, कोणाला काही दिसलं नाही, तरी पुढच्या महिन्यात मी परत येतोय. तिकीट काढलं, म्हणून या महिन्यात तुला नेहमीच्या नऊ हजारांऐवजी पाठवतोय तीन हजार सहाशे.