गोदाक्काची दशमी

टाळ जरा खाली ठेवा, मंडळी. मृदंगही राहू दे मांडीवर. आज काल्याचा दिवस – दह्याची हंडी वर टांगलीय, लाह्यांची परात खाली झाकून ठेवलीय, आणि पहिल्या रांगेतल्या आमच्या तात्यांची नजर देवाकडं नाही, परातीकडं! मिळेल तात्या, मिळेल. पण त्याआधी मला एका प्रश्नाचं उत्तर द्या.

आपल्या माणसाला, त्याच्याच भल्यासाठी, न सांगता काही खाऊ घातलं – तर ती माया, की फसवणूक?

काय म्हणता? माया? बघा, किती चटकन बोललात. मीसुद्धा असंच चटकन बोललो होतो. ते बोलणं गेली तीन वर्षं माझ्या घशात अडकलंय, ते आज इथं काढतो. ऐका.

इथून दोन-तीन गावं पलीकडं गोदाक्का राहायची. तिचा नवरा केरबा. गोठ्यात एक म्हैस, आणि एकुलती लेक उज्ज्वला, शहरात दिलेली. सगळी तिला उजू म्हणायची. उजूला दिवस गेले. गोदाक्कानं डिंक आणला, हळीव आणले, तूप कढवून बरणी भरली. आणि नवव्या महिन्यात मूल गेलं. पोटातच गेलं. पोर रिकाम्या हातानं माहेरी आली.

आयाबायांनो, तुम्हाला सांगायला नको. मूल गेलं तरी दूध यायचं थांबत नाही. छातीला फडकं घट्ट बांधून ती पोर भिंतीकडं तोंड करून पडायची, आणि तरी पदर ओला व्हायचा.

त्याच आठवड्यात म्हशीचं रेडकू मेलं. कशानं मेलं? उपासानं! दूध सगळं डेअरीला, रेडकाला दोन घोट. रेडी असती तर केरबानं जपली असती, पुढं दुधाला येते. रेडा काय कामाचा? हसू नका, तुमच्या-माझ्या गावातही हेच चालतं. आता रेडकू नसलं की म्हैस पान्हा सोडत नाही. मग केरबानं काय केलं, तर जे पिढ्यान् पिढ्या करत आले तेच केलं. मेलेल्या रेडकाचं कातडं काढलं, मीठ लावून वाळवलं, त्यात पेंढा भरला आणि शिवून टाकलं. धारेच्या वेळी ते म्हशीपुढं ठेवायचं. म्हैस हुंगायची, चाटायची, चाटून चाटून पान्हवायची. धार झाली की पेंढ्याचं रेडकू परत खुंटीला.

उजूनं हे सकाळी दारातून पाहिलं. संध्याकाळी परत पाहिलं. म्हैस कातडं चाटतीय, बाप धार काढतोय, आणि हिचा पदर ओला झालाय. घरात आली. आईनं पुढं केलेला दुधाचा पेला हातानं बाजूला सारला. म्हणाली, "आई, आजपासून मला दूध नको. दही, ताक, तूप, काहीच नको."

झालं! गावाला विषय मिळाला. शहरात ह्याला व्हीगन म्हणतात म्हणे. त्या पोरीला तो शब्दही ठाऊक नव्हता. कोरा चहा प्यायची. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, आमटीवर कच्चं तेल. शेजारच्या बायका यायच्या, "अगं, पुरणपोळीवर मग काय घालणार, पाणी?" कुणी म्हणायचं, "शेंगेलाही जीव असतो की." हळदीकुंकवाला मसाला दूध पुढं आलं, नको म्हणाली, तर यजमानीण रुसली. ती वाद घालत नव्हती हो. खाली बघायची आणि पेला सरकवायची.

पण गोदाक्काचं काय? सांगा. बाळंतिणीला दूध-तूप घालायचं नाही, मग आईनं करायचं काय? तिला मायेची दुसरी रीतच माहीत नव्हती. पोरीचे गाल बसले, डोळे आत गेले. त्यात गोदाक्का एकदा माझ्या कीर्तनाला आली. कीर्तन संपल्यावर पाया पडली आणि हळूच म्हणाली, "महाराज, पोरीला न सांगता पीठ दुधात मळलं, तर पाप लागंल का?"

मी हसलो. काय बोललो, माहीत आहे? "आईच्या हाताला कसलं पाप? खुशाल मळा, गोदाक्का."

एवढंच बोललो. मागून शेंगदाणे खात बैलगाडीच्या गोष्टी करत बसलो.

मंडळी, तुमच्या-माझ्या गळ्यात माळ आहे. माळ घातली की ताट बदलतं, घरचे आपलं भांडंसुद्धा वेगळं ठेवतात. उद्या कुणी मायेपोटी तुमच्या आमटीत मटणाचा रस्सा मिसळला तर चालेल? बायकोनं मिसळला तर? आईनं? आता म्हणा की चटकन, माया! पोरीच्या गळ्यात माळ नव्हती, म्हणून तिचा नेम मला नेम वाटला नाही. ही माझी अक्कल!

गोदाक्कानं दशम्या सुरू केल्या. दुधात मळलेली भाकरी, मऊ, गोडसर. उजू म्हणायची, "आई, हल्ली भाकरी छान होते तुझी." आई म्हणायची, "नवं जोंधळं हायत. पाण्यातलीच हाय, खा." आठ दिवस पोर पोटभर जेवली. नवव्या दिवशी लवकर उठून आईला मदत करायला चुलीपाशी गेली, तर आईच्या हातात दुधाची चरवी, आणि दूध परातीत पडतंय.

गोदाक्काच बोलत सुटली, "तुझ्या अंगात काय ऱ्हायलं न्हाई गं. महाराजांना इचारून केलं मी."

उजू म्हणाली, "बाबांनी म्हशीपुढं पेंढा ठेवला. तू माझ्यापुढं भाकरी ठेवलीस."

त्या दिवशी ती सासरी निघून गेली.

नातं तुटलं का? नाही. दर महिन्याच्या एका रविवारी यायची. आईचे पाय चेपायची, धुणं धुवायची. पण जेवायला बसली की पिशवीतून स्वतःचा डबा काढायची. समोर गोदाक्का भाकरीची दुरडी घेऊन बसलेली. गोदाक्कानं केरबाशी भांडून म्हैस विकायला लावली. म्हणाली, "आता घरात दुधाचा थेंब न्हाई. आता तरी खा की." पोरगी रडायला लागली. म्हणाली, "दुधाचा राग कधीच गेला गं. घास तोंडाशी नेला की हात थांबतो, मी काय करू?"

अडीच वर्षं अशी गेली. ह्या माघात एका रविवारी दुपारी बारा वाजता गोदाक्का चुलीपुढंच कोसळली. उजू दोन वाजता पोचली, हातात डब्याची पिशवी. आई ओसरीवर झोपवलेली.

मी संध्याकाळी गेलो. त्या घरात चूल पेटणार नव्हती, शेजाऱ्यांनी पिठलं-भात आणून ठेवला होता, त्याला कुणी शिवलं नव्हतं. उजू स्वयंपाकघरात बसली होती. तिनं दुरडीवरचं फडकं उचललं. आत दोन भाकऱ्या. लेक येणार म्हणून सकाळीच थापलेल्या, आता कडक झालेल्या.

मला दारात बघून तिनं विचारलं, "महाराज, ही पाण्यातलीच असेल ना हो?"

आईला चटकन उत्तर दिलं होतं मी, आता लेकीला काय सांगू? मला काय माहीत? सांगणारी बाहेर निजली होती.

उजूच म्हणाली, "ती म्हणायची, पाण्यातली हाय." आणि तिनं भाकरी मोडली. कोरडीच खाल्ली, एकेक तुकडा, सगळी. पाहायला आई नव्हती. त्या आईनं अडीच वर्षं ह्या एका घासाची वाट पाहिली, मंडळी, आणि तो माझ्या एका हसण्यापायी लांबला.

आता मघाचा प्रश्न परत विचारतो. माया, की फसवणूक? मायाच होती. म्हणून तर ती जखम भरून निघाली नाही. परक्यानं फसवलं असतं तर पोर चार दिवसांत विसरली असती. तुमच्या घरी कुणी ताटातलं काही सोडलं असेल, लेकीनं, सुनेनं, नातवानं – पटो न पटो, त्याच्या घासात हात घालू नका. आणि घातला असेल, तर माणूस जिवंत आहे तोवर आज घरी जाऊन सांगा.

तात्या, उठा. हंडी फोडायच्या आधी त्या परातीतल्या पसाभर कोऱ्या लाह्या वेगळ्या काढा. इथं, सगळ्यांना दिसतील अशा ठेवा. ज्याला दही नको त्यानं त्यातल्या घ्याव्यात, आणि कुणी का म्हणून विचारू नये. पहिल्या माझ्या हातावर घाला.