पोचा पडलेली शिट्टी

—नाही नाही, ते गाठोडं टेबलावर नको, इस्त्रीचे कपडे आहेत तिथं. मांडीवर धरा. आणि बसा हो, उभ्या माणसाशी बोललं की पंचनाम्याला आल्यासारखं वाटतं. काय सांगत होते मी? हां — घोडी. तिचा क्लास काय, नंबर काय, ते तुमच्या पुस्तकात लिहा. शेडमध्ये त्या वाफेच्या इंजिनांना घोड्याच म्हणायचे. सगळ्या मिळून वीस-बावीस असतील. पेट्यांतून सुट्या आल्या, इथं जोडल्या, असं माझे सासरे सांगायचे — तेही शेडमध्येच, फिटर. चाक केवढं? आमच्या ह्यांच्या टोपीला लागायचं! सपाटीवर सुटली की डाकगाडी घेऊन वाऱ्याला मागं टाकायची — आणि चढ आला की जागच्या जागी चाकं फिरवायची, मग टाका वाळू तिच्या पायाखाली. लाकडी डबे होते तोवर मिरवली. लोखंडी डबे आले, वजन वाढलं — झालं, हिला ओढवत नाही म्हणे. डाकगाडी काढून घेतली, दर स्टेशनाला थांबणारी पॅसेंजर गळ्यात मारली. मग डिझेल आलं. ज्यांनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढले होते, त्यांनीच तिला गॅसनं कापलं. लिहा हे. नाही लिहिणार तुम्ही — तुम्ही ‘सेवेतून निवृत्त’ लिहाल.

ह्यांचं? ह्यांचं काय सांगू. हे ड्रायव्हर. आधी एका ड्रायव्हरला एक इंजिन असायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. इतकं पुसायचे, इतकं पुसायचे — मी म्हणायचे, अहो, एकदा माझ्यावरनंही फडकं फिरवा. पुढं नियम बदलला, जी मोकळी असेल ती घ्या नि निघा. हा माणूस असा रुसला — काय केलं असेल? स्वतःची शिट्टी आणली. पितळेची, तीन सुरांची. पिशवीत जेवणाचा डबा आणि शिट्टी. ज्या घोडीवर ड्यूटी, तिच्यावर आपली शिट्टी चढवायची, उतरताना काढून आणायची. शेडवाले हसायचे, बायको बरोबर घेऊन हिंडतो म्हणायचे. हिंडू दे की! घराच्या वळणावर आले की वाजवायचे — एक लांब, एक तुटकी, मग परत लांब, आणि शेवटाला अशी खाली सोडलेली, दमलेल्या माणसानं ‘आलो गं’ म्हणावं तशी. मी लगेच पाणी तापत ठेवायचे. शेजारीण म्हणायची, तुझा नवरा आला की अख्ख्या गावाला कळतं. म्हटलं, कळू दे. तुझा येतो तेव्हा कुत्रंही भुंकत नाही.

आमचं बोलणं फार नव्हतं, साहेब. भांडणं मात्र पोटभर. पण ती वाजली की निम्मा राग तिथंच उतरायचा. तोंडानं कधी धड बोलला नाही, पण मैलभरावरनं हाक मारायचा — मला. एवढ्यावर संसार केला मी.

आमच्या शेडमधली शेवटची घोडी कापली त्या दिवशी रिकामी पिशवी घेऊन आले. म्हणाले, शिट्टीपण गेली, भट्टीत घातली त्यांनी. आणि रडले. बाप गेला तेव्हा न रडलेला माणूस! माझ्या हातानं घास भरवले मी. आता तुम्ही दुसरीकडं कुठं वाचलेली एक घोडी दुरुस्त करून चालवणार, चांगलं आहे, चालवा. पण शिट्टी माझ्याकडं मागू नका. — मागायला नाही आलात? मग काय आहे त्यात? सोडा बघू फडकं.

थांबा. इकडं द्या.

हा शिट्टीच्या ओठाला पोचा बघितलात? हा मी पाडलाय. राखेनं घासताना हातातून निसटली, मोरीच्या दगडावर आपटली. कितीतरी दिवस बोलले नव्हते माझ्याशी. कुठं मिळाली? — जंक्शनला? तिथं गाडी मुक्कामाला असायची. कुणाकडं... खानावळवाली. हं. नाही, माहीत आहे मला. म्हणजे, आहे एवढं माहीत होतं, लोक सांगतात हो, न विचारता सांगतात. मी म्हटलं, फिरतीचा माणूस, जेवण तिच्याकडचं, बिछाना — जाऊ दे. तेवढं गिळलं मी. पण ही तिच्याकडं ठेवून माझ्यापुढं रडला? कशाला रडला मग? मरताना उशाशी मी होते, मी! पाणी मागितलं, पाय दाबून घेतले — हे नाही सांगितलं. भट्टीत गेली म्हणे!

आणि तुम्ही काय हो, एवढं घेऊन माझ्या दारात का? वाजवायची कशी ते विचारायला? ह्यांच्यासारखी? मग तिलाच विचारायचं होतं. — विचारलंत? तिनं तोंडानं करून दाखवली? म्हणजे तिच्या गावाच्या वळणावरपण...

नको, सांगू नका. — नाही, सांगा. एक लांब. बरं. मग तुटकी. हं. परत लांब... आणि शेवटाला? शेवटाला काय, बोला की, मघाशी तर तोंड मिटत नव्हतं तुमचं! खाली सोडलेली?

तशीच?

घ्या ती. बांधा फडक्यात. मला काही येत नाही वाजवायला. आणि जाताना दार ओढून घ्या — इस्त्री तापलीय माझी.